डॉन ड्रमंड : ट्रॉम्बोन आणि एक नाव

स्का म्हणजे फास्ट गिटार, मध्ये ट्रम्पेट आणि नुसत्या उड्या, असं मला वाटायचं. कारण मी ऐकला होता तो १९९० च्या दशकातला अमेरिकन स्का. मग रूममेटने डॉन ड्रमंड ऐकवला. उदास, खोल ट्रॉम्बोन. हा कसला स्का, असंच वाटलं. पण मूळ स्का हाच!

डॉन जमैकातल्या किंग्स्टनचा. नन्सनी चालवलेल्या अल्फा बॉईज स्कूलमध्ये गरीब, अनाथ मुलांना बॅण्ड शिकवत. तिथे तो शिकला आणि पुढे धाकट्यांना शिकवूही लागला. आमच्या कॉन्व्हेंटचा बॅण्ड असेंब्लीपुरताच. अल्फाच्या बॅण्डमधून मात्र देशाचं संगीत घडलं.

१९६२ साली जमैका स्वतंत्र झाला. त्या सुमारास अमेरिकन जॅझ, रिदम अँड ब्लूज आणि तिथलं मेंटो मिळून स्का तयार झाला. याची खूण सोपी. आपण पायाने ठेका धरतो ना, त्या दोन ठेक्यांच्या मधोमध गिटार किंवा पियानो वाजतो. १९६४ मध्ये स्कॅटलाईट्स हा बॅण्ड निघाला. त्यांच्या कितीतरी उत्तम चाली डॉनच्या.

पण डॉनला मानसिक आजार होता. जानेवारी १९६५ मध्ये त्याने आपली जोडीदार मार्गारिटा महफूद हिचा खून केला. ती स्वतः नावाजलेली नर्तकी होती. डॉनची रवानगी मनोरुग्णालयात झाली. ६ मे १९६९ रोजी तो तिथेच वारला. बॅण्ड १९६५ मध्येच फुटला. स्का मंदावला, त्याचं रॉकस्टेडी झालं, मग रेगे.

गोष्ट इथे संपत नाही. १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत द स्पेशल्स या बॅण्डच्या काळ्या-गोऱ्या पोरांनी स्काला पंकचा वेग दिला. त्यांच्या रेकॉर्डवर ट्रॉम्बोन कोणाचा? रिको रॉड्रिग्जचा, म्हणजे अल्फात डॉनच्याच हाताखाली शिकलेल्या मुलाचा! नंतर अमेरिकेत स्का आणखी बदलला. व्याख्या दर वेळी नवी, मधला ठोका मात्र तोच.

डॉनबद्दल लिहिणारे बरेचदा मार्गारिटाला एका ओळीत उरकतात. आजार हे कारण असेल, पण तिचा जीव गेला तो गेलाच. मी अजूनही डॉन ऐकते. मित्रांनो, तुम्हीही जरूर ऐका. फक्त त्याचं नाव घेताना तिचंही घ्या.