बेदर्झिख स्मेताना

बेदर्झिख स्मेताना (२ मार्च, १८२४ – १२ मे, १८८४) हे चेक संगीतकार, पियानोवादक व वाद्यवृंद-संचालक होते. चेक राष्ट्रीय संगीताचे जनक म्हणून ते ओळखले जातात. ‘विकलेली वधू’ हा ऑपेरा आणि ‘मा व्लास्त’ (माझी मायभूमी) ही सहा स्वरकाव्यांची मालिका या त्यांच्या सर्वाधिक प्रसिद्ध रचना होत. वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांना कर्णनादाचा विकार जडला व काही महिन्यांतच त्यांची श्रवणशक्ती पूर्णपणे गेली. त्यानंतरच्या दहा वर्षांत त्यांनी आपले बरेचसे महत्त्वाचे लेखन केले. स्वतःच्या कानातील नाद त्यांनी एका रचनेत स्वररूपाने नोंदवला आहे.

जन्म व शिक्षण

स्मेताना यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातील बोहेमिया प्रांतात लिटोमिश्ल या गावी झाला. त्यांचे वडील फ्रांतिशेक हे बिअर बनवण्याचा व्यवसाय करीत. स्मेताना यांनी वयाच्या सहाव्या वर्षी लोकांसमोर पियानो वाजवला. शिक्षण जर्मन भाषेतून झाल्याने चेक भाषेत लिहिण्याचा सराव त्यांनी प्रौढपणी केला. प्रागमध्ये योसेफ प्रोक्श यांच्याकडे त्यांनी संगीतरचनेचे शिक्षण घेतले. १८४८ मध्ये त्यांनी प्रागमध्ये स्वतःची संगीतशाळा सुरू केली. हंगेरियन संगीतकार फ्रान्झ लिझ्ट यांचे साहाय्य त्यांना या काळापासून लाभले.

कौटुंबिक जीवन

१८४९ मध्ये त्यांचा विवाह कातेर्झिना कोलार्झोवा यांच्याशी झाला. या दांपत्याला चार मुली झाल्या. त्यांपैकी तीन १८५४ ते १८५६ या काळात दगावल्या. थोरली मुलगी बेदर्झिश्का हिच्या मृत्यूनंतर त्यांनी १८५५ मध्ये जी मायनरमधील पियानो त्रयी लिहिली. १८५६ मध्ये ते स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे गेले. तेथे त्यांनी अध्यापन व संचालन केले. १८५९ मध्ये मायदेशी परतताना पत्नीचे ड्रेस्डेन येथे निधन झाले. पुढील वर्षी त्यांनी बेटिना फर्डिनांडी यांच्याशी दुसरा विवाह केला.

प्रागमधील कारकीर्द

१८६६ मध्ये ‘बोहेमियातील ब्रांडेनबुर्गवासी’ व ‘विकलेली वधू’ हे त्यांचे ऑपेरे रंगभूमीवर आले. त्याच वर्षी प्रागच्या तात्पुरत्या नाट्यगृहात प्रमुख संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे जगप्रसिद्ध झालेले अँतोनिन द्वोराक त्या वेळी याच वाद्यवृंदात व्हायोला वाजवीत. स्मेताना यांच्यावर जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर यांचा प्रभाव असल्याचा आक्षेप घेत एका गटाने त्यांना सातत्याने विरोध केला. ‘दालिबोर’ (१८६८) या ऑपेरावरही हीच टीका झाली.

कर्णनाद व बहिरेपण

बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे म्हणजे कर्णनाद. आयुर्वेदातील सुश्रुतसंहितेत २८ कर्णरोग सांगितले असून त्यांत कर्णनादाचा समावेश आहे. श्रवणशक्ती कमी होत असताना हा विकार पुष्कळदा आढळतो. कानाकडून मिळणारे संकेत घटले की मेंदूतील श्रवणकेंद्रांची संवेदनशीलता वाढते व त्यातून असा नाद जाणवतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

स्मेताना यांना १८७४ मध्ये घशाचा विकार झाला. त्यानंतर कानात दडे बसणे व आवाज येणे सुरू झाले. दररोज सायंकाळी सहा ते सातच्या सुमारास त्यांना पिकोलो या लहान बासरीच्या सर्वांत उंच पट्टीत एक तीव्र स्वरसमूह ऐकू येई. तो ए-फ्लॅट मेजरचा असल्याचे त्यांनी ओळखले होते. ऑक्टोबरमध्ये प्रथम उजव्या कानाने आणि त्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत डाव्या कानानेही ऐकू येणे थांबले. त्यांना नाट्यगृहातील पद सोडावे लागले. ऑपेरांच्या प्रयोगाच्या हक्कांच्या मोबदल्यात त्यांना निवृत्तिवेतन मंजूर झाले. मात्र ते नियमित मिळत नसे.

बहिरेपणामुळे नाद थांबला नाही. डोक्यातील गुरगुर जवळजवळ अखंड चाले व मधूनच तिचा गडगडाट होई. रचना करताना ती अधिक वाढे, त्यामुळे त्यांना सलग फार वेळ काम करता येत नसे.

उपचार

प्रागमधील कर्णरोगतज्ज्ञ एमानुएल झाउफाल यांनी त्यांच्यावर उपचार केले. संगीतापासून दूर राहून संपूर्ण शांततेत विश्रांती घेणे हा त्यांतील एक भाग होता. माजी विद्यार्थी व गोथेनबर्ग येथील स्नेह्यांनी परदेशी उपचारांसाठी निधी जमवला. १८७५ मध्ये स्मेताना यांनी वुर्झबुर्ग येथे आंतोन फॉन ट्र्योल्च व व्हिएन्ना येथे आदाम पोलित्झर या त्या काळातील अग्रगण्य तज्ज्ञांना प्रकृती दाखवली. कोणत्याही उपायाने गुण आला नाही.

कर्णनाद हमखास घालवणारे औषध आजही उपलब्ध नाही. निःशब्द वातावरणात नाद अधिक जाणवतो, म्हणून आता सभोवती मंद आवाज ठेवण्यास सुचवले जाते. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्राचा उपयोग होतो. नादाविषयीची भीती व अस्वस्थता कमी करण्यासाठी मानसोपचाराची मदत घेतली जाते. स्मेताना यांच्या काळी यांपैकी फारसे काही हाती नव्हते.

बहिरेपणानंतरच्या रचना

‘मा व्लास्त’मधील ‘विशेह्राद’ हे पहिले स्वरकाव्य त्यांनी नोव्हेंबर १८७४ मध्ये पूर्ण केले. व्लतावा नदीचा उगमापासूनचा प्रवास चितारणारे दुसरे स्वरकाव्य त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांत लिहून झाले. मालिका १८७९ मध्ये पूर्ण झाली व ५ नोव्हेंबर, १८८२ रोजी प्रागमध्ये ती प्रथमच सलग वाजवली गेली.

आर्थिक ओढाताणीमुळे १८७६ मध्ये ते याब्केनित्से या खेड्यात मुलगी झोफी व वनाधिकारी जावई यांच्याकडे राहण्यास गेले. तेथे डिसेंबर १८७६ मध्ये त्यांनी ‘माझ्या जीवनातून’ ही चार तंतुवाद्यांसाठीची रचना पूर्ण केली. तारुण्य, नृत्याची आवड, पहिले प्रेम व राष्ट्रीय संगीताचा मार्ग गवसल्याचा आनंद तिच्या चार भागांत क्रमाने येतात. चौथा भाग रंगात असताना संगीत अचानक थांबते. खालच्या वाद्यांच्या कंपनावर पहिले व्हायोलिन अतिशय उंच ‘ई’ स्वर दीर्घकाळ धरते. हा स्वर कर्णनादाचा सूचक असल्याचे स्मेताना यांनी स्वतः स्पष्ट केले होते. प्रत्यक्षात ऐकू येणाऱ्या स्वरसमूहाऐवजी रचनेत एकच स्वर योजलेला आहे. त्यानंतर आधीच्या सुरावटी क्षणभर आठवणीसारख्या परततात व रचना हळुवारपणे संपते. १८७८ मधील खासगी वादनात व्हायोला द्वोराक यांनी वाजवला होता.

याच काळात त्यांनी ‘चुंबन’ (१८७६), ‘रहस्य’ (१८७८) व ‘सैतानाची भिंत’ (१८८२) हे ऑपेरेही लिहिले. १८८१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचे उद्घाटन त्यांच्या ‘लिबुशे’ या ऑपेराने झाले.

अखेरचे दिवस व वारसा

१८८२ नंतर त्यांची स्मरणशक्ती व वाचा ढासळू लागली. तरीही १८८३ मध्ये त्यांनी तंतुवाद्यांसाठीची दुसरी रचना पूर्ण केली. एप्रिल १८८४ मध्ये त्यांना प्रागमधील मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले व १२ मे रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. विशेह्राद येथील दफनभूमीत त्यांची समाधी आहे. त्यांच्या आजाराचे मूळ उपदंश असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींनी मात्र या निदानाबद्दल शंका व्यक्त केली आहे.

‘प्रागचा वसंत’ हा संगीत महोत्सव दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनी, १२ मे रोजी, परंपरेने ‘मा व्लास्त’च्या वादनाने सुरू होतो. या मालिकेतील एकही स्वरकाव्य रचनाकाराला कानांनी ऐकता आले नव्हते.