कार्पेंटर मावशी आणि फिलाडेल्फियाचा गारठा

१८८० साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, रोझेल या छोट्या गावातल्या एक बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनी तिथे पडलेले एक मिशनरी मासिक चाळायला घेतले. त्यात हिंदुस्थानातल्या एका टपाल कारकुनाचे पत्र छापले होते. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, मदत मिळेल का, अशी त्यात विचारणा होती. संपादकांनी उत्तरही छापले होते : आधी ख्रिस्ती व्हा. ते वाचून बाई अस्वस्थ झाल्या आणि घरी आल्यावर त्यांनी थेट हिंदुस्थानात पत्र धाडले. मदत देऊ केली, धर्माची अट मात्र घातली नाही.

त्या बाई म्हणजे थिओडिसिया कार्पेंटर, कारकून म्हणजे गोपाळराव जोशी आणि पत्नी आनंदीबाई. गोपाळरावांच्या हट्टाची गोष्ट आपल्याला कादंबरी, नाटक, चित्रपटांतून पाठ झाली आहे. रोझेलच्या घराला मात्र त्यात फार थोड्या ओळी मिळतात.

आनंदीबाईंचा जन्म १८६५चा. नवव्या वर्षी लग्न झाले, चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचले असते, ही बोच त्यांच्या मनातून गेली नाही. डॉक्टर होण्याचा निश्चय त्यातूनच झाला. प्रकृती मुळातच नाजूक. कलकत्त्यात असताना सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. एकमेकींना न पाहताच ही मैत्री जुळली आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीत बसल्या. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा मावशी न्यायला आल्या होत्या. तो सगळा उन्हाळा रोझेलला गेला. परक्या घरात राहणे म्हणजे रोज शंभर बारीकसारीक गोष्टी ठरवणे. काय खायचे, काय नेसायचे, कुठे नमते घ्यायचे आणि कुठे नाही. आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही, कुंकू-साडीही सोडली नाही. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून साडी गुजराती पद्धतीने नेसायला लागल्या, एवढीच काय ती तडजोड. कार्पेंटर कुटुंबाने हे सगळे आपलेसे केले. त्या घरी आनंदीबाई पाहुण्या नव्हत्या, लेक होत्या.

शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. डीन रेचल बॉडली यांची त्यांच्यावर माया होती. १८८५ मध्ये काढलेल्या एका छायाचित्रात आनंदीबाईंसोबत जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली, अशा परदेशांतून आलेल्या तिघी विद्यार्थिनी आपापल्या पोशाखात दिसतात. छायाचित्र देखणे आहे. खोलीची गोष्ट तशी नाही. सुरुवातीला मिळालेल्या खोलीतल्या शेगडीचा धूर नीट बाहेर जात नसे. पेटवली तर धूर, विझवली तर कडाक्याची थंडी. त्यात शाकाहारी माणसाला अन्नाची अडचण, आणि अभ्यासाचा ताण. आजारपणे वाढत गेली.

इथे वैद्यकाची बाजू थोडी सांगायला हवी. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे मार्च १८८२ मध्ये जाहीर केले होते, म्हणजे आनंदीबाई शिकायला गेल्या तेव्हा ते ज्ञान अगदी ताजे होते. पण स्ट्रेप्टोमायसिन हे त्यावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक यायला अजून साठ वर्षे होती. क्षयाचा जंतू शरीरात शिरला म्हणजे आजार होतोच असे नाही. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला वर्षानुवर्षे दाबून ठेवते. पोट भरेनासे झाले की हा पहारा ढिला पडतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना सहा महिने जादा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातले नवे क्षयरोगी ३९ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषध नव्हते. होते ते धान्य, डाळ यांसारखे अन्न आणि जीवनसत्त्वे. परक्या मुलखात पोटभर, अंगी लागेल असे जेवण मिळणे ही केवळ सोयीची बाब नव्हे, हे त्यावरून कळते.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. प्रबंध होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. दहा दिवसांच्या त्या बाळाची आठवण इथे आल्यावाचून राहत नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची नेमणूकही ठरली. पण तोवर क्षयाने गाठले होते. वर्षअखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. नेमणुकीच्या जागी त्या रुजू होऊ शकल्याच नाहीत.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, ती ठेवलेली आहे.