कायदा येण्याआधी कान्हेरीच्या भिंती वाचणारा माणूस : पंडित भगवानलाल इंद्रजी

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीला गेलेला माणूस फोटो काढतो, लेण्यातला गारवा अनुभवतो आणि परत फिरतो. भिंतीवर कोरलेल्या ब्राह्मी अक्षरांकडे फारसं कुणी बघत नाही. पण ही अक्षरं वाचता यावीत म्हणून एका माणसाने आयुष्य घालवलं. त्यांचं नाव पंडित भगवानलाल इंद्रजी.

जन्म १८३९ चा, जुनागढचा. गावाजवळच गिरनारचा प्रसिद्ध शिलालेख होता. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडून फार वर्षं झाली नव्हती. त्याचा अक्षरांचा तक्ता हाती लागला आणि भगवानलाल पोरवयातच शिलालेख वाचायला शिकले.

ही गोष्ट मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कानावर गेली. डॉक्टरी सांभाळून प्राचीन इतिहासाचा अभ्यास करणारे भाऊ दाजी अशाच माणसाच्या शोधात होते. १८६१ मध्ये भगवानलाल मुंबईत आले. पुढे भाऊ दाजींसाठी ते देशभर फिरले. लेणी, नाणी, ताम्रपट जे दिसेल त्याचे ठसे घ्यायचे आणि वाचन लावायचं, हेच काम.

१८७४ मध्ये भाऊ दाजी गेले, पण काम थांबलं नाही. इंग्रजी बेताचंच असल्याने भगवानलाल गुजरातीत लिहायचे आणि ब्यूलरसारखे विद्वान त्याचं भाषांतर करायचे. १८८१ मध्ये जेम्स बर्जेस यांच्यासोबत पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या शिलालेखांचं पुस्तक आलं. तेव्हा कान्हेरी ठाणे जिल्ह्यात होती. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमधल्या कान्हेरीच्या माहितीलाही त्यांचा मोठा हातभार लागला. त्याच वर्षी त्यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप खणून काढला.

या वाचनातून काय कळलं? कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी आणि बायकांनीही लेणी, पाण्याच्या टाक्या दान केल्या होत्या. काहींनी कायमची ठेव ठेवली होती. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रं घ्यायची. म्हणजे लेणं खोदून भागत नाही, पुढचा खर्चही बघावा लागतो, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना ठाऊक होतं.

१८८८ मध्ये वाळकेश्वरला भगवानलाल वारले, तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. त्यानंतर १६ वर्षांनी, १९०४ मध्ये स्मारकं जपण्याचा कायदा आला. १९५८ चा कायदा आला. १९९५ मध्ये मुंबईने जुन्या इमारतींची यादी करून त्यांना ग्रेड देणारे नियम केले. या प्रत्येक टप्प्यावर पहिली पायरी एकच होती : काय आहे, कुठे आहे आणि का महत्त्वाचं आहे, याची नोंद.

पुढची पायरी मात्र अवघड आहे. जोगेश्वरीच्या लेण्याला आज घरांनी वेढलंय. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. लेणं वाचवायचं तर हा नियम हवा, पण त्यामुळे शेजारच्या मोडकळीला आलेल्या घरांचा पुनर्विकास अडतो.

दगडावरचं कोडं भगवानलालांनी सोडवलं. दगडाशेजारी राहणाऱ्या माणसांचं कोडं शहराला सोडवायचंय.