कै. दि. बा. पाटील : जासईपासून दिल्लीपर्यंत

आमच्या आगरी समाजातील ज्या घरांची भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे नव्या मुंबईच्या पोटात गेली, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस कै. दिनकर बाळू पाटील कोण हे सांगावयास नको. तथापि आजची तरुण पिढी साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरील इमारतींत वाढली; तो भूखंड आपल्या घरी कोणत्या वाटेने आला हे तिला ठाऊक असेलच असे नाही. मुख्यतः तिच्यासाठी हे चरित्र देत आहोत.

दि. बां.चा जन्म उरण तालुक्यातील जासई या गावी १३ जानेवारी १९२६ रोजी, एका शिक्षकाच्या घरी झाला. ते सात वर्षांचे असताना, १९३३ मध्ये, अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला. खोताची जमीन न कसता सहा वर्षे काढणाऱ्या बांधवांच्या जिल्ह्यात हा मुलगा लहानाचा मोठा झाला, ही गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहताना विसरता येत नाही. कायद्याचे शिक्षण पूर्ण करून ते शेतकरी कामगार पक्षात दाखल झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, १९५७ साली, पनवेलने त्यांना प्रथम विधानसभेवर पाठविले. पुढे १९६२, १९६७, १९७२ आणि १९८० या निवडणुकांतही ते विजयी झाले. विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी भूषविले.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादण्याचे ठरले. भूसंपादनाचा कायदा १८९४ सालचा. त्यानुसार अधिसूचनेच्या दिवशी जमिनीची जी किंमत, तीच हिशेबात धरावयाची. म्हणजे ज्याच्या जमिनीवर शहर उभे राहणार, त्याला भाव मिळणार तो भाताच्या शेताचा. शहरामुळे वाढलेल्या किमतीत त्याचा छदामही नाही. दि. बां.चा आक्षेप नेमका येथे होता. शहर होऊच नये असे त्यांचे म्हणणे नव्हते.

१६ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाट्यावर शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत आणि धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर हे धारातीर्थी पडले. दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर पुन्हा गोळ्या झडल्या. पागोट्याचे महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील व कमलाकर कृष्ण तांडेल यांनी प्राण वेचले. एका लहानशा गावातून एका दिवशी तीन माणसे गेली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक आली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या लाटेत महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. कुळाब्याने मात्र दि. बां.ना निवडून दिले. (जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले होते, मतदारसंघ मात्र कुळाबाच राहिला होता.) १९७७ मध्ये ते लोकसभेत प्रथम गेले तेव्हा त्यांच्यासोबत पक्षाचे इतरही सहकारी होते, या खेपेस सबंध लोकसभेत शेकापचे ते एकटेच सभासद होते. दिल्लीतील त्यांची वर्षे विधानसभेच्या तुलनेने थोडी. पण सरकारी गोळीबारानंतर अवघ्या अकरा महिन्यांनी मतपेटीतून निघालेला तो कौल आम्हांस त्यांच्या सर्व विजयांत मोठा वाटतो.

१९९० व १९९४ च्या शासननिर्णयांनी साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हिशेब साधा आहे. एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के पाच गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के वजा जाता मूळ मालकाच्या हाती साडेतीन गुंठे पडतात. चाळिसाचे साडेतीन! परंतु विकासाच्या किमतीत शेतकऱ्याचा वाटा आहे हे तत्त्व सरकारने मान्य केले, आणि पाच जणांचे रक्त व दि. बां.ची चिकाटी यांविना ते मान्य झाले नसते.

१९९९ मध्ये त्यांनी हयातभराचा पक्ष सोडून शिवसेनेत प्रवेश केला. जुन्या कार्यकर्त्यांना हे रुचणे शक्य नव्हते, आणि आम्हांलाही हा निर्णय त्यांच्या आयुष्याच्या ओघाशी जुळणारा वाटत नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहावयास हवी. कित्येक कुटुंबांनी भूखंड हाती येताच, किंबहुना येण्यापूर्वीच, विकून टाकले. तो दोष दि. बां.च्या माथी मारता येणार नाही. कुटुंब वाढले म्हणून गावठाणाभोवती गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न मात्र त्यांच्या हयातीत सुटला नाही.

२४ जून २०१३ रोजी पनवेल येथे त्यांचे देहावसान झाले. २०२१ च्या जून महिन्यात, साथीचे दिवस असूनही, नव्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून हजारो बांधव मानवी साखळीत उभे राहिले. पुढील वर्षी राज्य विधिमंडळाने तसा ठराव केला. तो विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित झाला. त्याच्यासाठी जमिनी देणाऱ्या गावकऱ्यांस विकसित भूखंड देण्याचे ठरले, तेव्हा आकडा साडेबारावर थांबला नाही. तो साडेबावीस टक्के झाला.