डॉ. थिओडोर कोखर

स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी २५ ऑगस्ट १८४१ रोजी थिओडोर कोखर यांचा जन्म झाला. त्यांची आई मोरेव्हियन पंथाची, मोठी देवभीरू बाई होती. तिच्या भक्तीचा संस्कार त्यांच्या मनावर जन्मभर राहिला. १८६५ साली ते डॉक्टर झाले, आणि १८७२ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, बर्न विद्यापीठात शस्त्रक्रियेचे मुख्य अध्यापक झाले.

आल्प्सच्या खोऱ्यांत त्या काळी गलगंडाचा रोग फार. माती-पाण्यात आयोडीन अल्प असल्यामुळे गळ्यातील थायरॉईड ग्रंथी फुगे आणि कित्येकांचा श्वास कोंडे. ती कापून काढावी, तर रक्तस्रावाने व जखम चिघळून पुष्कळ रोगी दगावत. कोखर यांनी लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती स्वीकारली, एकेक रक्तवाहिनी बांधीत सावकाश काम केले, आणि मृत्यूचे प्रमाण पुढे शेकडा एकाच्याही खाली आणले. त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली.

परंतु आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण त्यांच्या यशात नाही, एका चुकीत आहे.

१८७४ साली त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. जखम उत्तम भरली आणि मुलगी घरी गेली. काही काळाने तिच्या गावच्या डॉक्टरांनी कळविले की, मुलीचा स्वभावच पालटला आहे. पुढे १८८२ साली जिनीव्हाचे शस्त्रवैद्य रेव्हर्डिन यांनी आपल्या रोग्यांविषयी असाच अनुभव त्यांच्या कानी घातला. तेव्हा कोखर यांनी आपले जुने रोगी पुन्हा बोलावून घेतले. ती मुलगीही आली. तिची धाकटी बहीण, जी पूर्वी हुबेहूब तिच्यासारखी दिसे, ती आता उंच व सुरेख झाली होती. ही मात्र खुजी, सुजट चेहऱ्याची व मंदबुद्धी राहिली होती. ग्रंथी समूळ काढलेले जे अठरा रोगी त्यांनी तपासले, त्यांपैकी सोळांची हीच दशा होती. कातडी कोरडी, बोलणे मंद, थंडी असह्य. आणि रक्तही निकस, तांबड्या पेशी कमी झालेले.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिन येथे शस्त्रवैद्यांच्या परिषदेत कोखर यांनी हे सर्व स्वमुखाने सांगितले. कर्करोगासारखे कारण नसता संपूर्ण ग्रंथी पुन्हा काढणार नाही, असा त्यांनी निश्चय केला.

श्वासनलिका अरुंद झाल्याने रक्त निकस होत असावे, असा त्यांचा प्रथम तर्क होता. तोही चुकीचा ठरला. खरे कारण ग्रंथीच्या अभावातच होते. तिचा रस रक्तात मिसळून शरीराच्या शेगडीला जणू फुंकर घालतो. तो आटला की शेगडी मंदावते व प्राणवायूची गरज घटते. मग मूत्रपिंडांकडून हाडांतील मज्जेला जाणारा निरोपही कमी होतो, आणि मज्जा तांबड्या पेशी कमी घडविते. याउलट, ज्यांची ग्रंथी अतिरेकाने काम करते, त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रमाण बदललेले असते, हेही कोखर यांनी पुढे अभ्यासाने दाखविले. १८९१ साली इंग्लंडात मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून रोग्यास बरे वाटू शकते हे सिद्ध केले, आणि अशा दुर्दैवी जीवांना उपाय सापडला.

१९०९ साली या ग्रंथीवरील कार्यासाठी कोखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी बर्न विद्यापीठास संशोधनासाठी मोठी देणगी दिली. २७ जुलै १९१७ रोजी ते निवर्तले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९२२ साली, स्वित्झर्लंडात आयोडीनयुक्त मीठ विकू लागले, आणि पुढे गलगंड त्या खोऱ्यांतून हळूहळू नाहीसा झाला.

विद्यार्थीमित्रहो, वहीतील चूक गुरुजींच्या नजरेस पडू नये म्हणून आपण ती घाईने खोडून टाकतो. कोखर यांनीही तसे केले असते, तर त्या मुलीचे दुःख व्यर्थ गेले असते. त्यांनी चूक प्रकाशात आणली, म्हणूनच तिच्या मागून येणाऱ्या असंख्य मुलांचे कल्याण झाले. सत्य कबूल करण्याचे हे धैर्य परमेश्वर आम्हां सर्वांस, लहानांस तसेच थोरांस, देवो.