डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव : बालकांच्या रक्तकर्करोगावर पहिला घाव घालणारा संशोधक



स्मरणिकेत आपण दरवर्षी थोरामोठ्यांची चरित्रे वाचतो. त्यांपासून काही बोध घ्यावा, हा त्यामागचा हेतू असतो. यंदा ज्या थोर पुरुषाचे चरित्र तुमच्यापुढे ठेवीत आहे, त्याच्यापासून बोध तर घ्यायचा आहेच. पण त्याबरोबर एक माहितीही पदरात पाडून घ्यायची आहे. ती वेळेवर आठवली तर एखाद्या घरचे मूल वाचू शकेल. म्हणून हा लेख केवळ चाळू नका, शेवटपर्यंत वाचा, आणि घरातील आई-आजींनाही वाचून दाखवा.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला होते, पण त्यांना नोकरी लवकर सोडावी लागली. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी. काशीला जावे, यात्रेकरूंना केळी विकून पैसा मिळवावा, असा बेत करून हा मुलगा लहानपणी घरातून निघाला होता, असे सांगतात. त्याला वाटेवरून परत आणले गेले आणि आईने पुन्हा शाळेत बसविले.

विद्यार्थी मित्रांनो, इथे क्षणभर थांबा. पुढे जगाच्या वैद्यकशास्त्रात ज्याचे नाव झाले, तो मुलगा मॅट्रिकच्या परीक्षेत दोनदा नापास झाला. तिसऱ्या खेपेस मद्रासच्या शाळेतून तो उत्तीर्ण झाला. नापास झालेल्या मुलाच्या घरी सुतकी वातावरण असते आणि बाप शाळा सोडवून त्याला कामाला लावायला निघतो, हे आपण पाहतो. सुब्बारावांच्या आईने तसे केले असते तर पुढची सारी गोष्ट घडलीच नसती.

मद्रासच्या मेडिकल कॉलेजात शिकत असताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन सुब्बाराव खादी वापरू लागले. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. परिणामी एम. बी. बी. एस. ऐवजी एल. एम. एस. ही कमी दर्जाची पदवी त्यांच्या पदरी पडली. याच काळात त्यांच्या घरावर मोठा आघात झाला. संग्रहणीच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. या रोगात खाल्लेले अंगी लागत नाही, रक्त कमी होत जाते आणि माणूस झिजून मरतो. डॉक्टर होऊनही आपण भावांना वाचवू शकलो नाही, ही खंत त्यांच्या मनात घर करून राहिली.

पुढील शिक्षणासाठी सासऱ्यांच्या मदतीने ते अमेरिकेला निघाले आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये बोस्टनला पोहोचले. मागे पत्नी गरोदर होती. त्यांना मुलगा झाला, पण वर्षाच्या आतच तो दगावला. बापाने आपल्या लेकराचे तोंडही पाहिले नाही. तिकडे अमेरिकेत डॉक्टरीचा परवाना नव्हता, म्हणून रात्री रुग्णालयात रुग्णांची भांडी उचलण्याचे हलके काम करावे आणि दिवसा हार्वर्ड विद्यापीठात शिकावे, असा त्यांचा क्रम होता.

पुढे सायरस फिस्के या प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांनी रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधून काढली. १९२५ साली प्रसिद्ध झालेली ही फिस्के-सुब्बाराव पद्धत जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. स्नायूंना बळ पुरविणाऱ्या फॉस्फोक्रिएटिन व ए. टी. पी. या द्रव्यांवरही दोघांनी मूलभूत काम केले. १९३० साली सुब्बाराव पीएच. डी. झाले. पण हार्वर्डमध्ये कायमची जागा काही मिळाली नाही. १९४० साली ते न्यूयॉर्कजवळील पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

आता गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे, तो पाहू. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईला आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना रक्तक्षय होऊन त्या दगावत होत्या. त्याचे कारण शोधायचे होते. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. त्यांना असे आढळले की, ज्यांच्या आहारात पौष्टिक पदार्थ सर्वांत कमी, त्यांना हा आजार सर्वांत जास्त. आणि त्यात गरीब मुसलमान बायका पुढे होत्या. त्या आपल्याच आज्या-पणज्या. यीस्टपासून केलेल्या एका स्वस्त अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे विल्सबाईंनी दाखवून दिले आणि १९३१ साली ते प्रसिद्ध केले. त्या अर्कात जे अज्ञात द्रव्य होते, तेच पुढे फोलिक अ‍ॅसिड ठरले.

हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार करण्याचे काम सुब्बारावांच्या पथकाने १९४५ साली तडीस नेले. भावांचा बळी घेणाऱ्या संग्रहणीतील रक्तक्षयावर ते गुणकारी ठरले. गरोदर बाईला दवाखान्यातून लोह आणि फोलिक अ‍ॅसिडच्या ज्या गोळ्या मिळतात, त्यांच्यामागे इतका मोठा इतिहास आहे. त्या गोळ्या कोनाड्यात पडून राहू देऊ नका.

त्याच सुमारास बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर हे रक्तकर्करोगाने, म्हणजे ल्युकेमियाने, मरणाऱ्या मुलांकडे हताशपणे पाहत होते. त्या काळी हा रोग झालेले मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, जात असे. फोलिक अ‍ॅसिडच्या जातीची औषधे या मुलांना देऊन पाहिली, तर रोग उलट जोमाने वाढल्यासारखा दिसला. तेव्हा फार्बर यांच्या मनात आले की, वाढणाऱ्या पेशींना फोलिक अ‍ॅसिड हवे असेल, तर ते त्यांना मिळू न देणारे द्रव्य का वापरू नये?

अशी द्रव्ये सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत तयार होत होती. दिसायला हुबेहूब फोलिक अ‍ॅसिडसारखी, पण काम न करणारी. बनावट किल्ली कुलपात बसावी, अडकावी, आणि मग खरी किल्लीही आत जाऊ नये, तसा हा प्रकार. त्यांतील अमिनोप्टेरिन हे द्रव्य फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस आजारी मुलांना देण्यास सुरुवात केली. जून १९४८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले : १६ अत्यवस्थ मुलांपैकी १० मुलांमध्ये रोग मागे हटला होता. हा गुण तात्पुरता होता, रोग पुन्हा उलटला. पण ज्या रोगापुढे डॉक्टर हात टेकत, तो औषधाने हटू शकतो, हे पहिल्यांदाच सिद्ध झाले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव रात्री झोपेतच हृदयविकाराने गेले. वय अवघे ५३. मायदेशी परतणे त्यांच्या नशिबी नव्हते. हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघर वाटल्या जाणाऱ्या डी. ई. सी. गोळ्या आणि ऑरिओमायसिन हे जंतुनाशक औषध हीदेखील त्यांच्याच प्रयोगशाळेची देणगी. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही. १९९५ साली भारत सरकारने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट काढले.

अमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट हे औषध मात्र अजून रोज वापरले जाते. त्याला पुढे मर्काप्टोप्युरिनची आणि आपल्या अंगणातील सदाफुलीपासून काढलेल्या व्हिन्क्रिस्टिनची जोड मिळाली. (म्हणून कोणी सदाफुलीचा पाला मुलांना देऊ नये, तो विषारी आहे.) ही औषधे ठरावीक क्रमाने एकत्र दिल्याने, ज्या रोगात पूर्वी एकही मूल वाचत नव्हते, त्यात प्रगत देशांत १०० पैकी सुमारे ९० मुले बरी होतात. आपल्याकडेही परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी बरी झालेली मुले शिकून संसाराला लागली आहेत.

मग आपल्याकडे काही मुले अजून का जातात? औषध नाही म्हणून नव्हे. पुष्कळदा मूल उशिरा आणले जाते, किंवा उपचार अर्ध्यावर सोडला जातो. म्हणून पालकांनो, आता लक्षणे नीट समजून घ्या.

आपल्या हाडांच्या आत जो मगज असतो, तो रक्ताचा कारखाना आहे. तिथे तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका तयार होतात. ल्युकेमियात निकामी पांढऱ्या पेशींची भरमसाट वाढ होऊन हा कारखाना त्यांनीच भरून जातो आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. हा रोग दोन ते पाच वर्षांच्या मुलांत अधिक आढळतो.

तांबड्या पेशी कमी झाल्या की मूल फिकट दिसते. गालावरून कळले नाही, तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहा, ओठ, नखे आणि तळहात पाहा. खेळते मूल खेळ सोडून बसते, थोड्या श्रमाने त्याला धाप लागते.

कामाच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की ताप येतो, औषधाने उतरतो आणि पुन्हा येतो. घसा, कान, छाती काही ना काही सारखे चालू राहते.

बिंबिका कमी झाल्या की, जिथे मार लागलेला नाही अशा पाठीवर, पोटावर, मांडीवर काळेनिळे डाग उठतात. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात आणि दाबले तरी नाहीसे होत नाहीत. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते आणि लवकर थांबत नाही.

मगज दाटल्यामुळे हाडे दुखतात. लहान मुलाला हे सांगता येत नाही. ते लंगडते, चालायचे नाकारते, कडेवर घ्या म्हणून हट्ट धरते, रात्री रडत उठते. याला आपण वाढीचे दुखणे किंवा आळस समजतो. याखेरीज मान, काख किंवा जांघ येथे गाठी येणे, पानथरी व यकृत सुजल्याने पोट फुगलेले दिसणे, भूक मरणे, वजन घटणे हीही लक्षणे आहेत.

हे वाचून घाबरून जाऊ नका. यांतले एखादे लक्षण दिसणाऱ्या बहुतेक मुलांना साधा रक्तक्षय, मलेरिया किंवा विषाणूचा ताप असतो. पण दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली, किंवा एखादे दोन आठवडे हटले नाही, तर डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची संपूर्ण तपासणी, म्हणजे सी. बी. सी., करून घ्या आणि काचपट्टीवर रक्त पाहायला सांगा. खर्च थोडा असतो आणि पुष्कळदा त्यातच सुगावा लागतो. अहवाल चांगला आला, पण लक्षणे राहिली, तर पुन्हा जा. अंगावर लाल ठिपके आणि ताप, न थांबणारे रक्त, किंवा श्वासाला त्रास असेल, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एक सावधगिरी विशेष लक्षात ठेवा. निदान होण्याआधी कोणाच्याही सांगण्यावरून स्टेरॉईडच्या गोळ्या देऊ नका. त्यांनी मूल चार दिवस बरे दिसते, रोग झाकला जातो आणि निदान लांबते. तपासणी न करता महिनोन्महिने टॉनिक पाजत राहणेही तितकेच घातक.

नजर लागली म्हणून दम करून आणणे, दुआ मागणे हे आपल्या घरोघरी चालते. आईच्या दुआला मोल नाही. पण अल्लाहने प्रत्येक आजारावर इलाज ठेवला आहे, ही आपली श्रद्धा आहे, तर तो इलाज शोधायला बाहेर पडणे हेही त्या श्रद्धेचेच अंग नव्हे काय? दुआ आणि दवा, दोन्ही हवीत. आणि हा रोग कोणाच्या पापाचे फळ नाही, आईच्या खाण्यापिण्याचा दोष नाही, आणि तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही.

रोग निघालाच, तर उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत मूल हसूखेळू लागते आणि घरच्यांना वाटते, झाले बरे! तिथेच घात होतो. लपून राहिलेल्या पेशी पुन्हा वाढतात, आणि मग त्यांना हटविणे फार कठीण जाते. पैशाची अडचण असेल, तर रुग्णालयातील समाजसेवा विभागाला भेटा. सरकारी आरोग्य योजनेतून आणि धर्मादाय निधीतून मदत मिळू शकते. मागायला संकोच करू नका, पण उपचार सोडू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात असे मूल परत आले, त्याच्या डोक्यावरचे केस गेलेले असले, तर त्याला हसू नका, दूर बसवू नका. मात्र तुम्हाला गोवर, कांजिण्या किंवा ताप असेल, तर तुम्हीच घरी राहा. त्याच्या अंगात प्रतिकाराची शक्ती कमी असते.

एका गरीब घरचा, दोनदा नापास झालेला मुलगा आपल्या भावांना वाचवू शकला नाही, स्वतःच्या लेकराला पाहू शकला नाही. पण त्याच्या श्रमांमुळे जगभरच्या लाखो आईबापांची लेकरे वाचली. तुमच्यातूनही असा एखादा, अशी एखादी संशोधक निघेल, इन्शाअल्लाह. तोवर पालकांनो, आज रात्री मूल झोपण्यापूर्वी त्याच्याशी दोन घटका बोला, त्याच्या अंगावरून हात फिरवा, आणि काही वावगे दिसले तर उद्यावर ढकलू नका.