बोलणारं कुणी नसलेली भाषा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या जेवणाच्या टेबलाचा ताबा नातवाने आणि त्याच्या मित्रमंडळींनी घेतला होता. हाताने काढलेला नकाशा, वीस बाजूंचे फासे आणि मधोमध चिवड्याचा डबा. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट खेळायची, असा तो प्रकार. त्यातली एक मुलगी ‘एल्फ’ झाली होती. एल्फ म्हणजे तिकडच्या लोककथांतले देखणे, दीर्घायुषी रानवासी. आपल्या गंधर्वांचे लांबचे चुलतभाऊ म्हणा. ती मधूनच काही अनोळखी शब्द बोलायची. ही एल्फांची भाषा, असं नातवाने मला समजावलं. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. जी भाषा कुणाच्याच आईची नाही, ती कुणी आणि कशासाठी घडवली असेल, हा प्रश्न मला सुट्टीभर पुरला.

अशा खेळांतल्या एल्फांचा मूळपुरुष एकच, जे. आर. आर. टॉल्किन. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक म्हणून जग त्यांना ओळखतं. गंमत अशी की, त्यांच्या लेखी क्रम उलटा होता. आधी भाषा, मग ती बोलणारे लोक, आणि त्या लोकांना राहायला जग हवं म्हणून गोष्टी.

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. वडील तिथे बँकेत मॅनेजर. आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आली होती, तेवढ्यात १८९६ साली तिकडे वडील वारले. रोनाल्ड (घरात त्याला याच नावाने हाक मारत) तेव्हा चार वर्षांचा. आईनेच त्याला घरी शिकवलं. लॅटिन तिचीच देणगी, आणि झाडापानांची ओळखही. १९०० साली तिने कॅथलिक पंथ स्वीकारला, तशी नातेवाइकांनी पाठ फिरवली आणि पैशाची मदत आटली. १९०४ साली मधुमेहाने ती गेली. इन्शुलिन यायला अजून जवळजवळ दोन दशकं होती. आई आपल्यासाठी झिजून गेली, असं टॉल्किन जन्मभर मानत.

बारा वर्षांच्या या पोरक्या मुलाला शब्दांचं वेड होतं. एका घरामागून रेल्वे जायची, तिच्या कोळशाच्या वाघिणींवर वेल्समधल्या गावांची नावं रंगवलेली असत. अर्थ कळत नसे, पण ती अक्षरं त्याच्या मनात बसली. मावसबहिणींनी प्राण्यांच्या नावांची एक गुप्त भाषा केली होती, तीही त्याने उचलली. तिच्यात चाळीस म्हणजे गाढव! आपल्याकडे मुलं ‘च’ची भाषा बोलतात, तोच खेळ. फरक इतकाच की, बाकीची मुलं मोठी होऊन तो विसरतात. पालक फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्या स्पॅनिश पुस्तकांवरून त्याने स्वतःची एक भाषा रचायला घेतली. पुढे ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजच्या ग्रंथालयात फिनिश भाषेचं व्याकरण हाती पडलं, आणि अभ्यास बाजूला राहिला. परीक्षेत पहिला वर्ग हुकला. पण त्याच नादातून ‘क्वेन्या’ ही एल्फांची भाषा उगवली. तिचा शब्दकोश त्यांनी १९१५ साली सुरू केला.

मग युद्ध आलं. १९१६ च्या जूनमध्ये टॉल्किन संदेशवहनाचे अधिकारी म्हणून फ्रान्सला गेले, सोमच्या लढाईत. शाळेपासूनच्या चौघा जिवलगांपैकी रॉब गिल्सन १ जुलैलाच पडला, जी. बी. स्मिथ डिसेंबरात. उवांमुळे पसरणाऱ्या खंदकतापाने टॉल्किन मात्र आजारी होऊन परतले. या आजारपणातच त्यांनी त्या कोशातल्या शब्दांच्या मालकांच्या कथा लिहायला घेतल्या.

पुढे ते प्राध्यापक झाले. त्याआधी ऑक्सफर्ड कोशासाठी ‘वॉलरस’सारख्या शब्दांची कुळं शोधत बसले होते. हाच व्यासंग त्यांनी एल्फांसाठी वापरला. नुसते शब्द जुळवले नाहीत, भाषेला इतिहास दिला. क्वेन्यात बाप म्हणजे ‘अतार’. वेल्शच्या वळणावर रचलेल्या ‘सिंदारिन’मध्ये ‘अदार’. दोन स्वरांमधला त मऊ होऊन द झाला. माझ्यासारख्याला इथे लगेच आपली प्राकृतं आठवतात. संस्कृत ‘पिता’चा शौरसेनीत ‘पिदा’ होतो, महाराष्ट्रीत ‘पिआ’. त्यांची लिपीही आपल्याला परकी वाटू नये. एकेका उच्चारस्थानाचा एकेक वर्ग, अनुनासिकांची वेगळी ओळ, स्वरांच्या खुणा व्यंजनाच्या डोक्यावर. ट-ठ-ड मात्र नाहीत. नातवाने माझं नाव त्या लिपीत लिहायला घेतलं आणि ‘विठ्ठल’ मधल्या ठ पाशी अडला.

पण ही भाषा पुरी कधीच झाली नाही. आज केलेलं रूप उद्या खोडायचं, असं साठ वर्षं चाललं. स्वतः टॉल्किनही ती घडाघडा बोलू शकले नसते. मला हे अपयश वाटत नाही. ज्याला एखादी गोष्ट संपूच नये असं वाटतं, तो ती संपवील कशाला?

या भाषेला संसारातही जागा होती. १९०८ साली एकाच घरात भाड्याने राहणारी एडिथ ब्रॅट त्यांना भेटली. तीही पोरकी, त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. एकविसावं सरेपर्यंत तिला पत्रही लिहायचं नाही, असं फादरनी बजावलं. त्यांनी ते पाळलं, आणि वाढदिवसाची रात्र सुरू होताच पत्र लिहिलं. तिचं लग्न दुसरीकडे ठरलं होतं. तिने ते मोडलं. १९१६ च्या मार्चमध्ये, फ्रान्सला जाण्याआधी, दोघांचं लग्न झालं. १९१७ साली यॉर्कशायरमधल्या रूस गावाजवळ, पांढऱ्या फुलांनी भरलेल्या रानात ती त्यांच्यासाठी नाचली. त्यातून ल्यूथिएनची कथा आली. माणसावर, बेरेनवर, प्रेम करून अमरपण सोडणाऱ्या एल्फकन्येची.

एडिथ १९७१ साली गेली. ऑक्सफर्डजवळ वुल्व्हरकोटच्या दफनभूमीत तिच्या नावाखाली टॉल्किननी ‘ल्यूथिएन’ कोरून घेतलं. २ सप्टेंबर १९७३ ला ते गेले, तेव्हा त्याच दगडावर त्यांच्या नावाखाली ‘बेरेन’ आलं. नातवाच्या खेळाचा आद्य अवतार अमेरिकेत बाजारात आला तो पुढच्याच वर्षी.